अभयारण्याच्या सल्लागार समितीवर पहिल्यांदाच आलेल्यांसाठी

नेमणुकीचं पत्र बहुतेक वेळा एका पानाचं असतं. वर संदर्भ म्हणून शासन निर्णयाचा क्रमांक, मध्ये सदस्यांची यादी, त्यात कुठेतरी तुमचं नाव आणि शेवटी ‘बैठकीची तारीख यथावकाश कळवण्यात येईल’. सदस्याने करायचं काय, माहिती कुणाकडे मागायची, ‘सल्ला देणं’ म्हणजे नेमकं काय, यातलं काहीच त्यात नसतं. मग नवा सदस्य पहिल्या एक-दोन बैठका नुसता ऐकतो, पुढे कधीतरी धीर करून एखादी सूचना मांडतो आणि ती ‘नोंद घेण्यात आली’ एवढ्यावर संपते. समितीची मुदत अशीच निघून जाते. हे टाळता येतं आणि त्यासाठी वन्यजीवशास्त्राची पदवी लागत नाही.

या समितीला आदेश देता येत नाही. निधी मंजूर करता येत नाही, कुणाचं काम थांबवता येत नाही. तिच्या हातात आहे तो फक्त सल्ला. तो लेखी असेल, ठिकाण-वेळ-जबाबदारीसकट असेल आणि पुढच्या बैठकीत त्याचा हिशेब मागितला जाणार असेल, तर अधिकारी तो सहजासहजी बाजूला ठेवू शकत नाहीत. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिथे पोचण्यासाठी आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली घेतली आहेत; कायदा केंद्राचा असल्याने चौकट इतर राज्यांतही तीच आहे.

पायरी १ : कलम ३३-बी स्वतः वाचा

तुमची समिती याच कलमाखाली नेमली जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने ते आलं आणि २००३ पासून लागू झालं. ते जेमतेम अर्ध्या पानाचं आहे. कुणाकडून सारांश ऐकण्याऐवजी मूळ वाचा, कारण त्यातल्या एकेका शब्दाचा पुढे उपयोग होतो.

समितीचे प्रमुख म्हणजे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेले, वनसंरक्षक दर्जापेक्षा खालचे नसलेले अधिकारी. मग त्या मतदारसंघातले विधिमंडळ सदस्य, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या तीन व्यक्ती, गृह आणि पशुवैद्यकीय विभागांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी, मानद वन्यजीव रक्षक असतील तर ते, आणि अभयारण्याचे प्रभारी अधिकारी सदस्य सचिव.

गृह आणि पशुवैद्यकीय विभागांची माणसं बैठकीत बरेचदा गप्प बसलेली दिसतात. त्यांना बोलतं करणं हे तुमचं काम समजा. कलम ३३-ए प्रमाणे अभयारण्यातल्या आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या पाळीव गुरांचं लसीकरण करायचं असतं. जनावरांचे रोग हद्द पाहून थांबत नाहीत. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपर पसरला आणि काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले; हा विषाणू कुत्र्यांमध्ये नेहमी आढळतो. तुमच्या अभयारण्यालगतच्या गावांत यंदा किती गुरांना लस टोचली, हा प्रश्न विचारायला त्या खुर्चीवर माणूस बसवला आहे. गृह विभागाचंही तसंच. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर कलम ३४ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती लागते.

कलमाचा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समितीने आपली कामकाजाची पद्धत आणि गणपूर्ती (बैठकीला लागणारी किमान हजेरी) स्वतः ठरवायची आहे. म्हणजे वर्षात किती बैठका, अजेंडा किती दिवस आधी, इतिवृत्त किती दिवसांत, हे बाहेरून कुणी ठरवत नाही. फार थोड्या समित्या हा अधिकार वापरतात. त्यावर पुढे येतोच.

एक तपासणी मात्र लगेच करा : तुमची समिती नक्की कुठली? संवर्धन राखीव क्षेत्राची समिती कलम ३६-बी खाली येते आणि तिची रचना वेगळी असते. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची संनियंत्रण समिती पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालच्या अधिसूचनेतून येते. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती २००२ च्या जैविक विविधता कायद्याखालची. गावातले लोक या सगळ्यांना ‘जंगलाची कमिटी’च म्हणतात, पण अधिकार निरनिराळे आहेत.

पायरी २ : पहिल्या महिन्यात कागद गोळा करा

सदस्य सचिवांना एक साधं पत्र लिहा आणि पोच घ्या. मागायचं ते असं : अभयारण्याची अधिसूचना हद्दीच्या नकाशासह, चालू व्यवस्थापन आराखडा, चालू वर्षाची वार्षिक कार्य योजना, आधीच्या तीन बैठकांची इतिवृत्तं, आणि पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना निघाली असेल तर ती. व्यवस्थापन आराखडा जाडजूड असतो. सगळा वाचून होत नसेल तर समस्यांचं प्रकरण आणि उपाययोजनांचं प्रकरण, एवढी दोन तरी वाचाच.

हद्दीच्या कागदाकडे दुर्लक्ष करू नका. माळढोक अभयारण्याचं उदाहरण महाराष्ट्रात सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतलं सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं. गावं, शेतं, रस्ते सगळं त्यात आलं. खासगी जमिनीचे व्यवहार अडकले आणि लोकांचा राग साचत गेला. पुढे न्यायालयाच्या परवानगीने हद्द आखडून ती साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. तोवर माळढोक फारच थोडे उरले होते. हद्द कुठल्या गटातून जाते, आत खासगी जमीन किती, हक्कांची चौकशी पूर्ण झाली का, हे समितीतल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. नाहीतर बैठकीतली निम्मी भांडणं नकाशावरूनच होतात.

पायरी ३ : बीटवर जा

समितीचं सदस्यत्व म्हणजे अभयारण्यात कधीही जाण्याचा परवाना नव्हे. प्रवेशाबद्दलची कलम २७ आणि २८ तुम्हालाही लागू आहेत. रीतसर परवानगी घ्या, आणि जमेल तितक्या वेळा वनरक्षकाबरोबर त्याच्या बीटवर, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या जंगलाच्या भागात, चालत जा. साहेबांच्या गाडीतून जे दिसतं ते वेगळं असतं.

वनरक्षकाला त्याच्या बीटची नाडी माहीत असते, पण त्याला बैठकीला कुणी बोलावत नाही. त्याला साधे प्रश्न विचारा. रात्रीच्या गस्तीला किती जण असतात? वनमजुरांची मजुरी वेळेवर होते का? कुटीत पिण्याचं पाणी आहे का, वायरलेस चालतो का? मागच्या उन्हाळ्यात वणवा कुठल्या बाजूने आत आला? हे विचारताना वही काढून भराभरा लिहायला लागलात तर तो सावध होईल. आधी चाला, ऐका, लिहायचं ते संध्याकाळी घरी लिहा. आणि त्याने सांगितलेलं त्याच्या नावासकट बैठकीत कधीही मांडू नका.

पाणवठ्यावर थोडा वेळ थांबा. कडेच्या ओल्या मातीत कुणाचे ठसे आहेत ते पाहा. चितळ-सांबराच्या खुरांबरोबर गुरांचे खूर आणि कुत्र्यांचे पंजे असतील, तर ते टिपून ठेवा. पाणी झऱ्याचं आहे की टँकरचं? टँकर थांबला तर काय होईल? काठावर बसून कुणी दबा धरल्याच्या खुणा, अर्धवट जळलेल्या विड्या, तारेचे तुकडे आहेत का? उन्हाळ्यात थोड्याच पाणवठ्यांवर सगळी जनावरं एकवटतात, त्यामुळे शिकारीचा, विषप्रयोगाचा आणि रोग पसरण्याचा धोकाही तिथेच एकवटतो. ‘आणखी दहा कृत्रिम पाणवठे बांधा’ ही सूचना ऐकायला पुण्यकामाची वाटते, म्हणून ती प्रत्येक बैठकीत येते. आहेत ते पाणवठे एकदा अशा नजरेने पाहिलेत, की तिच्यावर नीट बोलता येईल.

माळरानाचं अभयारण्य असेल तर आणखी एक गोष्ट पाहा : खड्डे. रेहेकुरीच्या काळविटांना, माळावरच्या लांडग्यांना, तणमोरांना उघडं गवत लागतं. दूरवर नजर पोचली पाहिजे हीच त्यांची सुरक्षितता. तिथे ओळीने खड्डे खणून रोपं लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. झाडं लावण्याला विरोध करणं लोकांच्या गळी उतरत नाही, हे खरं आहे. तरी माळावर लागवडीचा प्रस्ताव आला तर गवताच्या बाजूने बोलणारं समितीत कुणीतरी असलंच पाहिजे, आणि ते तुम्ही असावं असं मला मनापासून वाटतं.

पायरी ४ : गावात बसा

कलम ३३-बी मध्ये ‘अभयारण्यातल्या आणि भोवतालच्या लोकांचा सहभाग’ असे शब्द स्पष्ट आहेत. संस्थेतर्फे आलेल्या सदस्यांनी हे विशेष मनावर घ्यावं. पंचायतीतून आलेल्यांना गाव माहीत असतं, पण त्यांनीही आपल्या वाडीपलीकडे जावं. धनगरवाड्यावरचं, ठाकर-कातकरी वस्तीवरचं म्हणणं गावठाणातल्या म्हणण्यासारखंच असेल असं नाही.

गावात पहिला विषय निघतो नुकसानभरपाईचा. डुकरांनी भुईमूग उकरला, बिबट्याने शेळी नेली, पंचनामा झाला, पैसे आले नाहीत. ऐकून ‘मी बघतो’ म्हणू नका. प्रकरणाची तारीख, पंचनाम्याची प्रत आणि ते सध्या कुठल्या टेबलावर अडलं आहे एवढं टिपा. अशी पाच-सात प्रकरणं एकत्र ठेवली की अडचण कुठे आहे ते दिसतं. कधी कागद अपुरे असतात, कधी निधीच आलेला नसतो. समितीपुढे न्यायचा तो हा नमुना. एकेकट्या प्रकरणाची शिफारस करत बसलात तर समितीचं तक्रार निवारण केंद्र होऊन बसेल.

दुसरा विषय चराईचा. अभयारण्यात चराई सरसकट बंद आहे असं गावात आणि कधीकधी खात्यातही समजतात. कलम ३३ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक वन्यजीवांचं हित पाहून चराईचं नियमन, नियंत्रण किंवा मनाई करू शकतात. म्हणजे कुठे, केव्हा, किती यावर बोलायला जागा आहे. तिसरा विषय वनहक्कांचा. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे अभयारण्यातही होतात. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जिथे अनुसूचित क्षेत्र आहे किंवा वनहक्क कायदा लागू आहे, तिथे व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेशी विचारविनिमय करून तयार करणं कायद्यातच आलं आहे. आराखड्याची मुदत कधी संपते ते बघा. नवा तयार होत असेल तर ग्रामसभा खरोखर भरली का, हा प्रश्न तुम्हीच विचारायचा.

आणि फोन येतील. ‘बिबट्या दिसला, पिंजरा लावायला सांगा.’ तो अधिकार समितीचा नाही; कलम ११ खाली तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडे आहे. पण माहिती देणं तुमच्या हातात आहे. जुन्नर वन विभागात २००१ नंतर मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून ते प्रसिद्ध केलं आहे. घाबरलेल्या माणसाला फोनवर आकडेवारी ऐकवू नका, आधी त्याची शेळी, त्याचं लेकरू सुरक्षित कसं राहील ते बोला. नंतर ग्रामसभेत जुन्नरची गोष्ट सांगा.

पायरी ५ : पहिल्याच बैठकीत कामकाजाची पद्धत ठरवून घ्या

पहिल्या बैठकीत स्वागत, गुलाबपुष्पं आणि सादरीकरण यातच वेळ जातो. त्याआधी सदस्य सचिवांना लिहून ‘समितीची कामकाज पद्धती’ हा विषय अजेंड्यावर घ्यायला सांगा. मागणी साधी ठेवा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मिळून वर्षात किमान दोन बैठका, शक्य तर तीन. अजेंडा पंधरा दिवस आधी. इतिवृत्त पंधरा दिवसांत सर्वांना. मागच्या इतिवृत्ताचा अनुपालन अहवाल, म्हणजे ठरलेल्यापैकी काय झालं त्याचा हिशेब, हा कायमचा पहिला विषय. गणपूर्ती ठरवताना बिगरशासकीय सदस्यांपैकी अमुक जण हजर असलेच पाहिजेत, अशी अट घाला.

बैठक केव्हा घ्यायची यालाही अर्थ आहे. वणव्याचा हंगाम साधारण १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरला जातो. जाळरेषांवर (आग अडवण्यासाठी आधीच गवत काढून ठेवलेल्या पट्ट्यांवर) फेब्रुवारी संपताना चर्चा करून उपयोग नाही. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि पुढच्या वर्षाची कार्य योजना त्याच्या बरीच आधी तयार होते. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरातली बैठक सगळ्यात मोलाची; तिची तारीख आधीच बांधून घ्या.

‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या सदरात मोठे विषय कधी येऊ देऊ नका. रस्तारुंदीकरण, वीजवाहिनी, पर्यटन संकुल यांची कागदपत्रं ऐनवेळी पुढे आली, तर ‘वाचून पुढच्या बैठकीत मत देईन’ असं म्हणा आणि ते इतिवृत्तात घ्यायला लावा. अशा प्रस्तावांचा अंतिम निर्णय राज्य वन्यजीव मंडळ आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती या वाटेने होतो, पण ‘स्थानिक समितीपुढे ठेवला होता’ हे एक वाक्य पुढे फार कामाला येतं. ते तुमच्या गप्प बसण्याच्या जोरावर लिहिलं जाऊ नये.

पायरी ६ : सल्ला लिहायला शिका

बहुतेक इतिवृत्तांत सापडेल असं हे वाक्य घ्या : ‘वणव्यांबाबत वन विभागाने योग्य ती दक्षता घ्यावी असे सदस्यांनी सुचविले.’ यातून काहीच निष्पन्न होत नाही. दक्षता म्हणजे काय, कुठे, कुणी, कधीपर्यंत? पुढच्या बैठकीत ‘दक्षता घेण्यात आली’ असं उत्तर येईल आणि ते खोटंही ठरवता येणार नाही.

तोच सल्ला असा लिहून पाहा : ‘मागील तीन हंगामांत दक्षिणेकडील गायरानातून वणवा आत आल्याच्या नोंदी आहेत. त्या हद्दीलगतच्या कक्षांमधील जाळरेषा ३१ जानेवारीपूर्वी पूर्ण कराव्यात. हद्दीबाहेरील गवत कापून नेण्यासाठी लगतच्या ग्रामपंचायतीशी डिसेंबरमध्ये बोलणी करावीत. भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या आगीच्या सूचना संबंधित वनरक्षकाच्या मोबाइलवर पोचतात का, ते तपासावे. या तीन बाबींचा अहवाल वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी पुढील बैठकीत ठेवावा.’

इथे कारण आहे, जागा आहे, तारीख आहे, माणूस आहे. खात्यालाही हे सोयीचं जातं. चांगला अधिकारी अशा ठरावाची वाट पाहत असतो, कारण वरिष्ठांकडे मनुष्यबळ किंवा निधी मागताना तो त्याला जोडता येतो. अधिकाऱ्याला अडचणीत आणायला समिती आहे असं धरून चालणारे सदस्य ही मोठी मदत गमावतात.

लिहिण्याआधी एक गोष्ट पडताळा : हे काम वन विभागाच्या हातात आहे का? नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य बंधाऱ्याच्या पाण्यावर उभं आहे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, तरी पाण्याची पातळी ठरते ती जलसंपदा विभागाच्या आवर्तनांवर. तिथे वनाधिकाऱ्यांना ‘पाणी राखा’ सांगून भागत नाही. जलसंपदाचे अभियंते बैठकीला निमंत्रित हवेत आणि सल्ला त्यांच्या नावे हवा. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात सांडपाण्याचा प्रश्न महापालिकांपर्यंत जातो. भीमाशंकरला देवस्थान आणि शेकरूचं जंगल एकाच डोंगरावर आहे, त्यामुळे महाशिवरात्रीच्या गर्दीचं नियोजन देवस्थान आणि जिल्हा प्रशासनाला वगळून होऊच शकत नाही.

एका बैठकीत तीनच सल्ले द्या. बारा दिले तर त्यातले सोपे बारीकसारीक निवडून ‘बहुतांश सूचनांची पूर्तता झाली’ असा अहवाल येतो. बैठकीत तोंडी मांडलेलं त्याच रात्री ईमेलने सदस्य सचिवांना पाठवा, म्हणजे इतिवृत्त लिहिणाऱ्याला तुमचे शब्द तयार मिळतात. इतिवृत्तात तुमचं म्हणणं चुकीचं आलं असेल तर दुरुस्ती लेखी कळवा. मतभेद असेल तर ‘भिन्न मत’ म्हणून नोंदवायला सांगा.

पायरी ७ : हितसंबंध आणि गुप्तता

तुमचं, घरच्यांचं किंवा संस्थेचं अभयारण्याच्या परिसरात रिसॉर्ट, जमीन, ठेकेदारी, खात्याकडून घेतलेलं काम असेल तर ते पहिल्याच बैठकीत सांगा. तो विषय निघाला की बाहेर जाऊन बसा, आणि तशी नोंद करून घ्या. लहान तालुक्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं. न सांगितल्याचा डाग समितीच्या प्रत्येक सल्ल्याला लागतो.

घरट्याची, गुहेची, पिल्लांची जागा कुणालाही सांगू नका. फोटो टाकताना त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाका. गस्तीच्या वेळा, कॅमेरा ट्रॅप कुठे लावलेत, हे घरीसुद्धा बोलण्याचे विषय नाहीत.

बैठकच बोलावली जात नसेल तर

सहा महिने उलटूनही निरोप नसेल तर आधी सदस्य सचिवांना लेखी विचारा. दोन-तीन सदस्यांच्या सह्या असतील तर उत्तम. उत्तर आलं नाही तर तेच पत्र समितीप्रमुखांना आणि प्रत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाला. विधिमंडळ सदस्य समितीत असतातच. त्यांच्या कार्यालयातून गेलेल्या एका पत्राने तारीख लागल्याचं बरेचदा दिसतं, आणि त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. त्यानंतरही हालचाल नसेल तर माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून समितीच्या आजवरच्या बैठकांच्या तारखा, हजेरीपट आणि अनुपालन अहवाल मागा. अर्ज नागरिक म्हणून, स्वतःच्या नावाने करा, समितीच्या नावाने नको. मधल्या काळात बीटवरच्या फेऱ्या आणि गावातल्या नोंदी चालू ठेवा, म्हणजे बैठक लागेल तेव्हा तुमचे तीन सल्ले लिहून तयार असतील.